फिरते ताट आणि फिरता वाढपी

मढ हे माझे गाव. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेस, ओतूर मागे टाकून कल्याणच्या रस्त्याने माळशेज घाटाकडे निघालेल्या प्रवाशाला पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी ज्या परिसरात दिसू लागते, त्या परिसरात ते वसलेले आहे. पावसाळ्यात पाण्याने भरलेली भातखाचरे आणि उन्हाळ्यात धरण उशाला असूनही हंड्यासाठी होणारी वणवण, हा त्या मुलखाचा वर्षानुवर्षांचा दस्तूर. जेवण म्हणजे पंगत, आणि पंगत म्हणजे जमिनीवर मांडलेल्या पत्रावळींच्या दोन ओळी व त्यांच्या मधून वाकून चालणारा वाढपी, एवढीच भोजनाची कल्पना घेऊन मी साठी ओलांडली. पुढे भाच्याच्या आग्रहावरून काही आठवडे तोक्योस राहण्याचा योग आला. त्या महानगराच्या पूर्वेस एदोगावा विभागात, निशिकासाईच्या आसपास, संगणकाच्या व्यवसायातील भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. याच विभागाच्या सभागृहावर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून गेले होते. तेथील मुक्कामात एका संध्याकाळी भाच्याने मला ज्या उपाहारगृहात नेले, तेथे ताट माझ्यापुढे कोणी आणून ठेवले नाही. ते आपण होऊन माझ्यापुढून चालत गेले.

सुशी म्हटले की आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे कच्चा मासा उभा राहतो. परंतु त्या पदार्थाचा आत्मा भात आहे: आखूड दाण्याचा, बोटांनी दाबला असता गोळा धरणारा, तांदळापासून काढलेला आंबट सिरका, मीठ आणि साखर लावलेला भात. मावळातील इंद्रायणीचा चिकट भात ज्याने हाताने कालवला आहे, त्याला हा भात परका वाटत नाही. आणि ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या मंदिरात श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी घडवणारे हात ज्याने पाहिले आहेत, त्याला तांदळाला आकार देण्याची विद्या जपान्यांचीच मिरास आहे असेही वाटणार नाही. नवे होते ते भाताचे येणे. बसण्याच्या जागांच्या कडेने एक अरुंद पट्टा अखंड सरकत होता. त्याच्या अर्धचंद्राकृती कड्या एकमेकींत अशा बसवलेल्या असतात, की वळणावरही तो अडत नाही. वेग सेकंदाला सुमारे आठ सेंटिमीटर. याहून जलद असता तर ताटली उचलणाऱ्याची तारांबळ उडती, आणि याहून मंद असता तर भुकेल्याची चुळबुळ वाढती. ताटलीचा रंग तिची किंमत सांगतो, आणि जेवण संपल्यावर रिकाम्या ताटल्यांची उतरंड मोजली की हिशेब पुरा होतो. भाव विचारावा लागत नाही, पदार्थाचे नाव उच्चारावे लागत नाही, कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

ही युक्ती ज्याला सुचली, त्याच्या हेतूकडे प्रथम आदराने पाहिले पाहिजे. योशिआकी शिराइशी हे ओसाकाच्या पूर्वेकडील, लहानमोठ्या कारखान्यांनी गजबजलेल्या वस्तीत सुशीचे एक लहानसे दुकान चालवीत. गिऱ्हाइक कामगार, त्यांची मिळकत बेताची, आणि वाढपी ठेवावेत तर त्यांचा पगार पदार्थाच्या किमतीवर चढणार, असा पेच त्यांच्यापुढे होता. आसाही बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या बाटल्या त्यांनी पाहिल्या, आणि जे बाटलीला शक्य आहे ते ताटलीला का नसावे, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. पट्ट्याची रचना, त्याचे वळण व त्याचा वेग यांवर काही वर्षे खटपट केल्यावर १९५८ साली त्यांचे फिरत्या सुशीचे पहिले उपाहारगृह उघडले, आणि १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेल्यानंतर त्याचा प्रसार सर्व जपानभर झाला. तोपर्यंत चांगल्या दुकानातली सुशी बहुधा आचाऱ्यासमोर बसून, अनेकदा भाव न लिहिलेल्या जागी, खिशाची धास्ती बाळगून खाण्याची वस्तू होती. पुढे ती शंभर येनांच्या ताटलीत शाळकरी पोरांच्याही आवाक्यात आली. श्रीमंतांच्या भोजनाला मजुरांच्या पंगतीत आणून बसवणारा मनुष्य माझ्या मते समाजसुधारकांच्या फेरिस्तीत जागा मिळण्यास पात्र आहे, मग त्याने ते व्यापाराच्या बुद्धीने केलेले का असेना.

आणि येथे आपल्या पंगतीचा इतिहास कोणत्याही अभिमानाचा पडदा न धरता आठवला पाहिजे. ज्या वाढप्याच्या आग्रहाचे आपण इतके कौतुक करतो, तोच वाढपी कोणाच्या पत्रावळीवर काय आणि किती उंचीवरून टाकायचे, याचाही हुकूम बजावीत असे. पंक्तिप्रपंच हा शब्द मराठीत सहज निर्माण झालेला नाही. एकाच यजमानाच्या दारी एकाला तूप आणि दुसऱ्याला ताक, एकाला पाट आणि दुसऱ्याला अंगणाबाहेरची माती, आणि गावकीची सर्व कामे करणाऱ्या महार-मांगांना सर्वांच्या मागून उरलेले व उष्टे, असा शिरस्ता शतकानुशतके चालला. एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या अस्पृश्यांना वाढला, ही कथा आपण अजून सांगतो. त्या एका दिवसाची आठवण इतकी शतके टिकली, यावरूनच इतर दिवसांची स्थिती कळते. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला पाव खाऊन दाखवावा लागे, आणि हे सर्व गुप्तपणे चाले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे आणि टिळकांसारख्यांनाही धर्मपीठाच्या चौकशीस तोंड द्यावे लागले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानात शाहू छत्रपती स्वतः जाऊन चहा पीत, तेव्हा ते केवळ चहा पीत नव्हते; संस्थानाच्या सर्व दरबारी मंडळींना एक ताकीद देत होते. स्वतंत्र भारताच्या घटनाकारांना पंधराव्या कलमात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नावनिशीवार उल्लेख करावा लागला, याचे कारण या इतिहासात आहे.

ही पार्श्वभूमी लक्षात घेऊन पट्ट्याकडे पाहिले म्हणजे त्याचे मूकपण हा त्याचा मोठा गुण वाटू लागतो. तो जात विचारीत नाही. शेजारी बसलेला कामगार, त्याच्यापलीकडची शाळकरी मुलगी, आणि घाटमाथ्यावरच्या गावाहून आलेला हा म्हातारा, तिघांपुढून तीच ताटली त्याच वेगाने जाते. कोणी असे म्हणेल, की माणसाच्या हाताने हजार वर्षे भेद केला, तर तो हातच काढून घेतलेला बरा. यंत्राला पक्षपात कळत नाही, म्हणून न्याय यंत्राकडे सोपवावा. हा युक्तिवाद हलका नाही. मी त्या उपाहारगृहात बसून त्याचा विचार करीत राहिलो, आणि तरीही तो मला पटला नाही. का पटला नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

त्या संध्याकाळी प्रत्यक्षात घडले ते असे. पट्ट्यावरून ताटल्या जात होत्या, आणि त्यांतील नव्वद टक्के मला वर्ज्य होत्या. कोणती वर्ज्य आणि कोणती नाही, हे मला ओळखता येत नव्हते. माळ घातलेल्या माणसाला काय चालते, हे पट्ट्याला ठाऊक नव्हते. ते ठाऊक असण्याची त्याची जबाबदारीही नव्हती. तेव्हा माझा भाचा, जो लहानपणी मढच्या सप्ताहात माझ्या मांडीला मांडी लावून बसे, तो पट्ट्याच्या आणि माझ्या मध्ये बसला, आणि एकेक ताटली येताच 'मामा, ही काकडीची, ही घ्या', 'ही नको, हिच्यात मासा आहे' असे सांगत, कधी उचलून माझ्यापुढे ठेवीत, कधी पुढे जाऊ देत, जेवण संपेपर्यंत स्वतः फारसे न खाता माझी काळजी वाहत राहिला. वाढपी काढून टाकण्यासाठी जगातील एका अत्यंत कुशल राष्ट्राने यंत्र बनवले, आणि त्या यंत्राशेजारी मला जेवू घालण्यासाठी एका माणसाला वाढपी व्हावे लागले. भूक सर्वांची सारखी असते, पण खाणारा प्रत्येक जण वेगळा असतो. त्याचे पथ्य, त्याचा उपास, त्याचे दात, त्याचा संकोच, हे सर्व दुसऱ्या माणसालाच दिसते. यंत्राची समता सर्वांना एकसारखे लेखण्याची आहे, आणि ती प्रवेशद्वारापर्यंत पुरेशी आहे. ताटापर्यंत आल्यावर प्रत्येकाला त्याच्यासारखे लेखण्याची समता लागते.

आमच्याच तालुक्यात याविषयीचे एक प्राचीन साक्षीपत्र दगडावर कोरलेले आहे. जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील जे ब्राह्मी लेख आहेत, त्यांपैकी एकात चिट नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. परमुलखाच्या माणसाने या मुलखात दान करायचे ठरवले, तेव्हा त्याने एकत्र बसून जेवण्याची जागा दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वेरूळच्या पाचव्या लेण्यात तर शंभर फुटांहून लांब अशा दालनात दगडात कोरलेले दोन ठेंगणे बाक समांतर गेलेले आहेत, आणि तेथे भिक्षू समोरासमोर बसून भोजन व अध्ययन करीत असावेत असे अनेक अभ्यासक मानतात. त्या बाकांकडे पाहणाऱ्याला तोक्योच्या त्या उपाहारगृहातील लांबलचक ओटा आठवल्यावाचून राहणार नाही. मात्र संघाने पंक्तिप्रपंचाच्या प्रश्नाला दिलेले उत्तर निराळे होते. विनयाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या आचाराच्या, नियमांत भत्तुद्देसक नावाचा एक अधिकारी आहे. कोणत्या भिक्षूला कोणते भोजन मिळावे, ही तजवीज त्याने करायची. आणि त्याच्या नेमणुकीची पहिली अट ही, की तो आवड, द्वेष, मोह आणि भय या चार वाकड्या वाटांनी जाणारा नसावा. पक्षपाती वाढप्यावरचा उपाय संघाला निःपक्षपाती वाढप्यात दिसला. वाढपीच नको, असे त्यांना वाटले नाही. अन्नाची वाटणी करणारा मनुष्य चारित्र्याने पारखून घ्यावा इतके ते काम मोठे आहे, असे त्यांनी मानले. आपण ते काम सर्वांत कमी मजुरीच्या माणसाला देतो, आणि मग त्याच्या जागी यंत्र आले म्हणून हळहळतो.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. पट्ट्याच्या भोजनगृहात ताट फिरते आणि माणसे जागच्या जागी असतात: खाणारा तो खाणाराच, आणि पडद्याआड भात दाबणारा तो दाबणाराच, आता तर तेही काम पुष्कळ ठिकाणी यंत्रच करते. आमच्या सप्ताहात याच्या नेमके उलट घडते. काल्याचे कीर्तन संपले, की पहिली पंगत बसते आणि गावची पोरे उपरणे कंबरेला गुंडाळून बादल्या उचलतात. पहिली पंगत उठते, आणि तीतलीच माणसे हात धुऊन दुसऱ्या पंगतीला आमटी वाढू लागतात. ज्यांनी वाढले ते तिसऱ्या पंगतीला बसतात. तेथे फिरते ती भूमिका. घटकेपूर्वी ज्याने माझ्या द्रोणात आमटी घातली, त्याच्या द्रोणात आता मी घालतो, म्हणून त्याचे वाढणे हलके नाही आणि माझे खाणे मोठे नाही. याच तालुक्याच्या पूर्वेस आणे गावी रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा जो महाप्रसाद होतो, त्यात प्रचंड कढयांतून आमटी शिजते आणि भाकरी घराघरांतून, गावागावांतून भाजून येतात; खाणारे हजारो असतात, पण त्यांपैकी यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे सांगणे कठीण व्हावे, अशी ती रचना आहे.

हे केवळ सणासुदीचे चित्र नाही. त्याच्या मुळाशी श्रमाची एक जुनी व्यवस्था आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरी पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे उताराच्या जमिनीवर बांध घालून भाताची खाचरे तयार करतात, त्या कामाला पडकई म्हणतात. एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले ते काम नसते. म्हणून काही कुटुंबे एकत्र येतात, आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या, अशी पाळीपाळीने राबतात, आणि ज्याच्या रानात काम असेल त्याने त्या दिवशी सर्वांना जेवू घालायचे. आवणीच्या दिवसांतील सावड हीच. तेथे आज जो धनी, तो उद्या मजूर. पाळी या एका शब्दावर हा सर्व व्यवहार उभा आहे. जुन्या पंगतीचे पाप माणूस माणसाला वाढीत होता यात नव्हते. वाढण्याची, जेवण्याची आणि उष्टे काढण्याची पाळी जन्माने कायमची ठरवून टाकली होती, यात ते होते. वतन म्हणून गोठलेली सेवा ही गुलामी, आणि पाळीने फिरणारी तीच सेवा हे बंधुत्व.

या कसोटीवर आमचे आजचे आचरणही उतरत नाही, हे कबूल केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. सप्ताहाच्या मांडवात भूमिका फिरते. पण ती घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थबकते. आणेच्या महाप्रसादाची भाकरी हजारो चुलींवर थापली जाते, आणि ती थापणारे हात जवळजवळ सर्व स्त्रियांचे असतात. माझ्या आईने आयुष्यभर आम्हा सर्वांना वाढून झाल्यावर, तव्यावर राहिलेली शेवटची भाकरी आणि पातेल्याच्या तळाची आमटी खाल्ली. तिला कोणी आग्रह केल्याचे मला आठवत नाही; आणि मीही केला नाही, ही खंत या वयात मला सलते. तोक्योच्या त्या ओट्यापाशी एक वृद्ध जपानी बाई एकटीच बसून, स्वतःला हवी ती ताटली हव्या त्या क्षणी उचलून, गरम चहाचा पेला दोन्ही हातांत धरून शांतपणे जेवत होत्या. त्यांना पाहताना मला आई आठवली. कोणासाठी थांबायचे नाही, कोणाचे संपण्याची वाट पाहायची नाही, आधी आपले गरम अन्न आपण खायचे: एवढे सुख पट्ट्याने त्या बाईंना दिले होते, आणि आमच्या प्रेमळ पंगतीने ते माझ्या आईला कधीही दिले नाही. घरात भूमिका फिरवण्याची तयारी नसलेल्या पुरुषाने यंत्रयुगाला नावे ठेवू नयेत.

तरीही यंत्राने विश्वासाची गरज संपते, हा समज खरा नाही, हे जपाननेच जगाला दाखवून दिले. २०२३ च्या जानेवारीत गिफू येथील एका उपाहारगृहात एका किशोराने सोया सॉसच्या बाटलीचे तोंड आणि चहाचे पेले चाटून पुन्हा जागेवर ठेवले, व फिरत्या ताटलीतील अन्नाला उष्टा हात लावला. त्याचे चित्रण सर्वत्र पसरले. देशभर संताप उसळला, ते उपाहारगृह चालवणाऱ्या कंपनीच्या समभागांची किंमत घसरली, आणि अनेक उपाहारगृहांनी खुल्या ताटल्या फिरवणेच थांबवून, ज्याने मागितले त्याच्याच पुढ्यात थेट जाणारी ताटली सुरू केली. साठ-पासष्ट वर्षे पट्टा विजेवर चालला असे आपण समजत होतो. वस्तुतः तो अनोळखी माणसांच्या परस्पर सचोटीवर चालला होता. माझ्या आधी ज्याच्यापुढून ही ताटली गेली, त्याने तिला हात लावला नसेल, हा भरवसा ढळताच यंत्र शाबूत असूनही चाक थांबले. उष्ट्याची किळस ही आपल्याकडे जातीच्या विटाळात मिसळून विकृत झाली. पण दुसऱ्याच्या अन्नाची शुचिता सांभाळणे, हा तिच्यातील निर्मळ अंश कोणत्याही समाजाला सोडता येणार नाही.

आपल्याकडे पट्टा अजून रुळलेला नाही असे म्हणावे, तर त्याची भावंडे आलेली आहेत. पुण्या-नाशिकच्या मंगल कार्यालयांत पंगत उठून गेली, आणि तिच्या जागी उभ्याने जेवण आले; हातात ताटली घेऊन आता पाहुणेच अन्नाभोवती फिरतात. जेथे पंगत उरली आहे, तेथे वाढपी मक्त्याने येतात. आमच्या भागातील तरुण पोरे लग्नसराईत टेम्पोत बसून शहराकडे जातात, एकसारखे सदरे घालून रात्री उशिरापर्यंत वाढतात, आणि त्या मांडवात त्यांना स्वतःला बसून जेवायला कोणी म्हणत नाही. हे वाढणे पाळीचे नाही. ते पुन्हा एका बाजूलाच गोठलेले आहे, फक्त जातीच्या जागी रोजंदारी आली आहे. त्या पोरांना उभे ठेवून जेवणाऱ्या मांडवापेक्षा शिराइशींचा पट्टा मला अधिक नीतिमान वाटतो.

म्हणून वाचकाकडे माझे एक मागणे आहे, आणि ते मी सर्व गांभीर्याने करीत आहे. आपल्या घरी कार्य निघाले तर मक्त्याने आलेल्या वाढप्यांची एक पंगत शेवटी बसवा, आणि तिला घरच्या यजमानाने व नवरदेवाने स्वतः वाढावे. घरात आठवड्यातून एक दिवस चुलीपुढची व्यक्ती सर्वांत आधी पानावर बसू द्या, आणि बाकीच्यांनी थांबावे. आणि कधी आमच्या मढच्या बाजूस सप्ताहाच्या दिवसांत आलात, तर पहिल्या पंगतीला खुशाल बसा; उठल्यावर मात्र हात धुऊन लगेच गाडीकडे वळू नका. मांडवाच्या कोपऱ्यात आमटीच्या बादल्या भरून ठेवलेल्या असतात. त्यांतली एक उचला.